स्वतंत्र सोशल मीडिया सल्लागार: काम सुरू करण्याआधी काय ठरवून घ्यावं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. एजन्सी सोडून सोशल मीडिया मार्केटिंगचा सल्लागार म्हणून एकट्याने काम सुरू करायचं आहे. कंटेंट आखणं, कॉपी लिहिणं, मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामवर) जाहिराती चालवणं जमतं. अडतंय ते बाकीच्या गोष्टींत. तीन लहान व्यवसायांशी बोलणी चालू आहेत आणि तिघांच्या तीन तऱ्हा. एकाला महिन्याला ३० पोस्ट हव्यात. दुसरा इन्स्टाग्रामचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा झालाय. तिसऱ्याला तीन महिन्यांत किती फॉलोअर वाढतील ते लेखी हवंय.

फी पोस्टमागे घ्यावी, तासामागे की महिन्याची ठरावीक? आकडा काढायचा कसा? जाहिरातीचे पैसे कुणाच्या कार्डावरून जावेत? अहवालात नेमकं काय दाखवायचं? आणि सोबत ब्लॉग चालवा असं जो तो सांगतो, त्यातून खरंच काम येतं का?

कुलूपकिल्ली

आधी पासवर्डवाल्याचं निस्तरा. त्याला आजच पासवर्ड बदलायला सांगा आणि ऑथेंटिकेटर ॲपवरून टू-फॅक्टर (पासवर्डसोबत कोडही मागणारी दुहेरी पडताळणी) चालू करायला लावा. पासवर्ड वाटून घेतला की कुणी काय पोस्ट केलं, काय उडवलं याचा माग राहत नाही. नव्या डिव्हाइसवरून लॉगिन झालं की पडताळणीचा कोड मालकाच्या फोनवर जातो आणि पोस्टची वेळ टळून जाते. उद्या खातं हॅक झालं तर पहिला संशय तुमच्यावर.

योग्य रस्ता असा: मेटाचा बिझनेस पोर्टफोलिओ (व्यवसायाची पेजं आणि खाती एकत्र सांभाळायची जागा, पूर्वीचा बिझनेस मॅनेजर) क्लायंटच्या नावाने असावा आणि पेज, इन्स्टाग्राम खातं, ॲड अकाउंट, पिक्सेल (वेबसाइटवर लोक काय करतात ते मेटाला कळवणारा कोड) हे सगळं त्यात असावं. तुमचा स्वतःचा वेगळा पोर्टफोलिओ काढा. क्लायंट त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पार्टनर म्हणून तुमचा बिझनेस आयडी टाकेल आणि कोणत्या ॲसेटवर (पेज, खातं वगैरे) किती अधिकार ते निवडेल. पूर्ण नियंत्रण मागू नका, देत असला तरी घेऊ नका. कंटेंट, मेसेज, जाहिराती आणि इनसाइट्स (पोस्टची आकडेवारी) एवढ्यावर काम भागतं. त्याच्या बाजूला मात्र पूर्ण नियंत्रण असलेली किमान दोन माणसं हवीत, कारण एकुलत्या एका ॲडमिनचं वैयक्तिक प्रोफाइल बंद झालं की सगळंच अडकतं. यूट्यूबला चॅनेल परमिशन्स, लिंक्डइनला पेजचे ॲडमिन रोल, गूगल ॲनालिटिक्सला युझर म्हणून प्रवेश. पासवर्ड कुठेच लागत नाही.

ॲड अकाउंट तुमच्या पोर्टफोलिओत काढायचा मोह होईल, कारण ते पाच मिनिटांत होतं. तसं करू नका. पोर्टफोलिओच्या मालकीचं झालेलं ॲड अकाउंट पुढे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. काम संपलं की क्लायंटचा जाहिरातींचा सगळा इतिहास तुमच्याकडे राहतो आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडतो, तेही रास्तच.

कार्ड क्लायंटचंच. तुमचं कार्ड लावलं तर त्याच्या जाहिरातीला तुम्ही बिनव्याजी उधारी देताय. मेटा ठरावीक रक्कम खर्च झाली की किंवा बिलाच्या तारखेला पैसे कापून घेतो, क्लायंट मात्र त्याच्या सवडीने देणार. शिवाय पेमेंट सेटिंग्जमध्ये अकाउंटची खर्चमर्यादा पहिल्याच दिवशी घाला. बजेटमध्ये एक शून्य जास्त पडलं तर तीच वाचवते.

हिशेबी_मांजर

फीचा आकडा बाजारभाव विचारून काढू नका, उलटा काढा. महिन्याला घरी न्यायचे समजा १०० एकक. सॉफ्टवेअर, उपकरणं, हिशेबनीस यांचे २०. कर आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद ४०. म्हणजे १६० यायला हवेत. महिन्यात कामाचे तास साधारण १६०, म्हणून तासाला १ एकक असं गणित मांडलंत की फसलात. प्रस्ताव, फोन, बिलं, वसुली, नवं शिकणं, स्वतःचा ब्लॉग यांचे पैसे कुणी देत नाही. बिल लावता येण्याजोगे तास ९० धरा. मग दर येतो १.७८. पहिल्या दराने काम घेतलं तर गरजेपेक्षा ४४ टक्के कमी हातात पडतं, आणि महिनाभर मान मोडून काम केलं तरी पुरत का नाही ते कळत नाही.

आता ३० पोस्टवाला. एका कॅरोसेलला (अनेक चित्रं सरकवत बघायच्या पोस्टला) विषय आणि शोध २० मिनिटं, मजकूर ४०, डिझाइन ९०, क्लायंटचे बदल ३०, ऑल्ट टेक्स्टसकट (चित्राच्या लेखी वर्णनासकट) शेड्यूलिंग १०, पोस्ट पडल्यावर कमेंटना उत्तरं ३०. झाले ३ तास ४० मिनिटं. अर्ध्या पोस्ट साध्या एका फोटोच्या धरून सरासरी २ तासांवर आणलीत तरी ३० पोस्ट म्हणजे ६० तास. ९० पैकी दोन तृतीयांश एकाच क्लायंटला. त्याला १२ पोस्टचा पर्याय द्या, त्यात ४ रील. तरी ३० वरच अडून बसला तर दरही ३० चाच लावा. घासाघीस दरात करू नका, कामाच्या व्याप्तीत करा. दर उतरवला की तो पुढच्या वर्षीही उतरलेलाच राहतो.

पोस्टमागे फी घेतली की क्लायंट पोस्ट मोजत बसतो आणि तुम्हालाही कमी पोस्ट सुचवणं परवडत नाही. तासामागे घेतली तर हात जितका जलद, तितकी कमाई कमी. महिन्याची ठरावीक फी, आगाऊ, हे बरं. पण कागदावर हे हवंच: पोस्टची संख्या आणि प्रकार, बदलांच्या दोन फेऱ्या, मंजुरी ३ कामाच्या दिवसांत न आल्यास पोस्ट पुढे जाईल आणि तरी महिन्यात मोजली जाईल, कमेंट-मेसेज कोण किती वाजेपर्यंत बघणार, फोटो-व्हिडिओ कोण देणार, दोन्हीकडून ३० दिवसांची नोटीस, आणि मूळ फाइल्सचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर. मंजुरीचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. पोस्ट तयार असून आठवडाभर "बघतो" मध्ये पडून राहते, आणि महिनाअखेरीला "पोस्ट कमी का" हा प्रश्न तुम्हालाच येतो.

तिरका_कर्सर

हिशेबी_मांजर यांच्याशी बहुतांशी सहमत, पण थेट महिन्याच्या फीवर उडी मारू नये. आतली परिस्थिती न बघता व्याप्ती ठरवणार कशी? आधी दोन आठवड्यांचं वेगळं, पैसे घेऊन केलेलं ऑडिट विका. त्यात मागच्या ९० दिवसांच्या पोस्ट, कुठल्या चालल्या आणि का, ॲक्सेसची अवस्था, पिक्सेल नीट चालतंय का, वेबसाइटचा फॉर्म मोबाइलवर भरता येतो का, आलेल्या मेसेजला उत्तर जायला किती वेळ लागतो, आणि तीन-चार स्पर्धकांची नुसती वरवरची पाहणी. शेवटी ८-१० पानं आणि एक तासाची बैठक. ऑडिटला पैसे द्यायला जो कुरकुरतो तो फीला किती करेल याचा अंदाज तिथेच येतो. बऱ्याचदा असंही दिसतं की अडचण सोशल मीडियात नाहीच, मेसेजला दोन दिवस उत्तर जात नाही म्हणून गिऱ्हाईक निघून जातं. तिथे रील वाढवून काय होणार?

आकडेबहाद्दर

फॉलोअरची हमी लेखी देऊ नका, तोंडीही नको. फॉलोअर वाढवायचे सोपे मार्ग असतात (बक्षिसांच्या स्पर्धा, विकतचे फॉलोअर), पण त्यातून आलेली माणसं पुढच्या पोस्टकडे ढुंकून बघत नाहीत आणि रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचते तो आकडा) खाली येतो. लेखी द्यायचंच तर किती काम करणार, काय मोजणार आणि सुरुवातीचा आकडा काय, हे द्या. ९० दिवसांची आधारपातळी कागदावर नसेल तर तीन महिन्यांनी वाद हमखास.

एंगेजमेंट रेटमध्ये (प्रतिसादाच्या टक्केवारीत) भाजक लिहा. १०,००० फॉलोअर, पोस्टचा रीच २,५००, प्रतिसाद १५०. फॉलोअरवर काढला तर १.५ टक्के, रीचवर काढला तर ६. दोन्ही बरोबरच, फक्त एका महिन्यात हा आणि पुढच्या महिन्यात तो असं करू नये. अहवाल एका पानाचा ठेवा: रीच, सेव्ह आणि शेअर, लिंकवरचे क्लिक, आलेल्या चौकश्या, एका चौकशीचा खर्च. खाली तीन ओळी, काय बदलणार आणि का. लाइक्स तळाला.

लिंकना यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी लिंकमागची शेपटी) लावा, इंग्रजीत आणि सगळं स्मॉल लेटर्समध्ये, कारण गूगल ॲनालिटिक्स ४ कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतं आणि एकच स्रोत दोन ओळींत फुटतो. यूटीएममधलं मिडियम (माध्यमाचा रकाना) मनाने लिहू नका. साध्या पोस्टला सोशल, जाहिरातीला सीपीसी (कॉस्ट पर क्लिक) किंवा पेडने सुरू होणारं काही. भलतंच लिहिलंत तर भेटी 'अनअसाइन्ड' (कुठल्याच वर्गात न बसलेल्या) मध्ये जाऊन पडतात. वेबसाइटच्या आतल्या लिंकना यूटीएम अजिबात नको, मूळ स्रोताचा घोळ होतो. आणि ॲनालिटिक्समधल्या एक्सप्लोरेशन (स्वतः बांधायच्या सविस्तर) अहवालांसाठी डेटा ठेवण्याची मुदत मुळात २ महिने असते, ती आजच १४ करा. मागाहून केली तर गेलेला डेटा परत येत नाही.

मेटाच्या जाहिरातींत मुळातली ॲट्रिब्युशन खिडकी (किती दिवसांतली कृती जाहिरातीच्या खात्यात धरायची ती मुदत) ७ दिवस क्लिक आणि १ दिवस व्ह्यू अशी असते. नुसती जाहिरात बघून दुसऱ्या वाटेने आलेला माणूसही मेटा आपल्या खात्यात धरतो, ॲनालिटिक्स धरत नाही. म्हणून दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. हे क्लायंटला पहिल्या बैठकीतच सांगा, नंतर सांगितलं की सबब वाटते.

लर्निंग फेज (जाहिरात कुणाला दाखवावी हे मेटा शिकत असतो तो काळ): त्यातून बाहेर पडायला एका ॲड सेटला (जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० रूपांतरणं (चौकशी, खरेदी अशा हव्या त्या कृती) लागतात. म्हणजे एका चौकशीला जो खर्च येतो त्याच्या सातपट रोजचं बजेट. लहान व्यवसायाला ते क्वचितच झेपतं. मग चार ॲड सेट एकत्र करा किंवा खरेदीऐवजी आधीचा टप्पा (चौकशी, मेसेज) निवडा. तिसऱ्या दिवशी "जरा फोटो बदलू या का" असा फोन येतोच. मोठा बदल केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चौकश्या अचानक बरोब्बर दुप्पट दिसल्या तर आनंदायच्या आधी तपासा: पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (तीच माहिती सर्व्हरवरून मेटाला पाठवणारी सोय) दोन्ही चालू असून दोन्हीकडून एकच इव्हेंट आयडी (त्या नोंदीची ओळख) जात नसेल तर तीच चौकशी दोनदा मोजली जाते. आभाराचं पान रिफ्रेश केल्यावर पुन्हा इव्हेंट जाणं हा त्याचाच धाकटा भाऊ.

शाईचा_डाग

ब्लॉगमधून काम येतं, पण बहुतेक सल्लागारांचे ब्लॉग दुसरे सल्लागारच वाचतात. "अल्गोरिदममधले नवे बदल" यावर लिहिलंत की आपल्याच पेशातली मंडळी शेअर करतील, वाहवा होईल, चौकशी एकही येणार नाही. दुकानाचा किंवा क्लिनिकचा मालक शोधतो ते वेगळंच: पेजचा ॲडमिन सोडून गेला तर काय करायचं, जाहिरात नाकारली का जाते, बूस्ट (पोस्टवरच्या बटणानेच जाहिरात) करावं की ॲड्स मॅनेजरमधून चालवावं, वाईट रिव्ह्यूला उत्तर कसं द्यायचं. क्लायंटने फोनवर विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा, तोच लेखाचा मथळा.

डोमेन स्वतःचं घ्या. लेख आधी तिथे, मग त्याचा गाभा लिंक्डइनवर किंवा कॅरोसेलमध्ये. महिन्याला दोन लेख पुष्कळ झाले. नीट लेखाला ६-८ तास जातात, ते बिनपैशाच्या तासांत धरा. फळ यायला महिने लागतात, पुढच्या महिन्याचं भाडं ब्लॉगवर सोडू नका.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कुठे दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) १६ महिन्यांचा डेटा मिळतो. ज्या शोधांवर इंप्रेशन (निकालांत दिसण्याची संख्या) भरपूर पण सरासरी स्थान ८ ते २० च्या दरम्यान, ते लेख आधी दुरुस्त करा, मथळा आणि पहिला परिच्छेद धरून. नवा लेख लिहिण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. या विषयात स्क्रीनशॉट फार लवकर शिळे होतात, तेव्हा "अद्ययावत" तारीख वर टाका आणि जुने बदला.

क्लायंटच्या कामावर लिहायचं तर लेखी परवानगी. "३०० टक्के वाढ" म्हणताना सुरुवातीचा आकडा आणि काळ सांगा, कारण २ चौकश्यांच्या ८ झाल्या तरी ती ३०० टक्केच. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला स्पॉन्सर्ड हे रेल ॲट्रिब्यूट (लिंकच्या कोडमधली खूण) लावा (गूगलने २०१९ मध्ये आणलं) आणि वाचकालाही लेखाच्या सुरुवातीलाच सांगा.

कोरी_पाटी

फार उपयोगी, धन्यवाद. ऑडिटपासून सुरुवात करतो. पासवर्डवाल्याला विचारलं तर भलतंच निघालं: फेसबुक पेज एका जुन्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या प्रोफाइलवरून काढलंय, मालकाला ॲक्सेसच नाही. आणि मालकाला रीलवर गाजणारी गाणी हवीत.

कुलूपकिल्ली

कर्मचारी संपर्कात असेल तर गोडीत घ्या. त्याने पेजच्या सेटिंग्जमधल्या पेज ॲक्सेसमध्ये जाऊन मालकाला पूर्ण नियंत्रण द्यायचं, मालकाने ते स्वीकारायचं, मग स्वतःच्या पोर्टफोलिओत पेज जोडायचं आणि शेवटी कर्मचाऱ्याला काढायचं. क्रम उलटा करू नका. संपर्कात नसेल तर मेटाकडे मालकीचा दावा करावा लागतो. ओळखपत्र, व्यवसायाची कागदपत्रं आणि सही केलेलं निवेदन तयार ठेवा. त्याला वेळ लागतो. तोवर त्याच नावाचं दुसरं पेज काढू नका, लोक आणि रिव्ह्यू दोन्हीकडे विभागले जातात. त्या जुन्या पेजवरून जाहिराती तर नकोतच.

गाण्यांचं: वैयक्तिक खात्याला जी गाणी दिसतात ती व्यवसायाच्या प्रचाराला वापरायचा परवाना नसतो, म्हणून बिझनेस खात्याला ती यादी तोकडी दिसते. त्यासाठी खातं वैयक्तिक किंवा क्रिएटर करून घेणं ही पळवाट आहे. व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो, आणि तीच रील पुढे जाहिरातीत वापरायची म्हटलं की अडते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, नाहीतर मूळ आवाजात बोला. आणि ठरावात एक ओळ घाला: क्लायंटने आग्रहाने लावायला सांगितलेल्या संगीताच्या हक्कांची जबाबदारी क्लायंटची.