अ‍ॅपलेशियन ट्रेलवर शेल्टरमध्ये मुक्काम, तंबू न्यायचा का?

पद्मावती_माची:
नमस्कार मंडळी, मे अखेरीस मी आणि नवरा अ‍ॅपलेशियन ट्रेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या लांबलचक पायवाटेचा, न्यू जर्सीतला तुकडा करायचा म्हणतोय, कल्व्हर्स गॅप ते हाय पॉइंट, दोन रात्री. राजगडावर पद्मावतीच्या देवळात कितीतरी वेळा झोपलोय त्यामुळे सवय आहे, पण इथल्या शेल्टरचं काही कळत नाहीये. बुकिंग लागतं का? तंबू घरी ठेवला तर पाठीवरचे दोन किलो वाचतील. आणि खरं सांगते, मला अस्वलांची भीती वाटते.

रानवाट:
ताई, तंबू न्याच. न्यू जर्सीत बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याची जागा. शेल्टर म्हणजे तीन भिंती, छप्पर आणि झोपायला लाकडी फळ्या, चौथी बाजू सताड उघडी. अख्खा ट्रेल चालायला जॉर्जियाहून मार्चमध्ये निघालेले लोक साधारण जूनमध्ये इथे पोचतात, त्यांच्यातले लवकर निघालेले तुम्हाला भेटतीलच. मागे आम्ही पावसात संध्याकाळी सातला पोचलो तर आठ जण ओळीने झोपलेले, तंबू होता म्हणून निभावलं. आणि तो वाटेल तिथे लावता येत नाही हं, ठरवून दिलेल्या जागीच, म्हणजे बहुतेक वेळा शेल्टरच्या आसपासच. शेकोटीला तर पूर्ण बंदी आहे, स्टोव्ह न्या.

डोंगरकुशी:
अस्वलं आहेत त्या भागात, पण शेल्टरजवळ लोखंडी पेट्या असतात, खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, वासाचं सगळं त्यात टाकून कडी नीट लावायची, तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको. रात्री जास्त त्रास उंदरांचा, खिशात चार शेंगदाणे राहिले तरी सॅक कुरतडतात, म्हणून खिसे रिकामे करून चेन उघड्याच ठेवा. कानात घालायला बोळे न्या, घोरणारा एक तरी असतोच. आणि रोज झोपण्याआधी अंगावर टिक्स, म्हणजे गोचिडी, बघा, गुडघ्यामागे, काखेत, केसांत. लाइम नावाचा आजार होतो त्यांच्या चावण्याने, हे अजिबात टाळू नका.

रानवाट:
पाण्याचं राहिलंच. मॅशिपॅकाँग शेल्टरला पाणी नाही, आधीच भरून घ्या, आणि फिल्टर हवाच.

सातपुडा_ते_स्मोकी:
एक सांगतो, हे नियम सगळीकडे धरून चालू नका. ट्रेल १४ राज्यांतून जातो. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये परमिट लागतं, शेल्टरची जागा आधी नोंदवावी लागते आणि तिथे ट्रेलवर शेल्टरमध्येच झोपायचं असा नियम आहे.

पद्मावती_माची:
खूप आभार सगळ्यांचे, तंबू नेतोय. पहिली रात्र ग्रेन अँडरसन शेल्टरला, दुसरी रदरफर्ड शेल्टरला असं ठरवलंय. चालेल ना?

रानवाट:
चालेल की. फक्त रदरफर्ड मुख्य वाटेवर नाही, आत उतरावं लागतं. झाडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांची वाट सोडून निळ्या पट्ट्या धरायच्या, अंधार पडायच्या आत पोचा.