पाथर्डी फाटा ते शरणपूर : उपनगरात आपली मराठी उपासना हवी की नको?

फाट्यावरची_मोहर

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा उशिरा पोहोचलो. नाशकातल्या पाथर्डी फाट्यावरून निघायचं, मुंबई नाक्याला अडकायचं आणि शरणपूरच्या आपल्या चर्चच्या दारात उतरेपर्यंत पहिलं गीत संपलेलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत. शेवटच्या बाकावर बसली आणि उपासनाभर डोळे पुसत होती. घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या रविवारी मी नाही येत, तुम्ही जा.

सिडको, अंबड, इंदिरानगर, पाथर्डी या पट्ट्यात आपली किती घरं झाली बघा. कंपनीत नोकरी लागली, जुनं भाड्याचं घर सुटलं, इकडे फ्लॅट घेतला. माणसं इकडे आली, उपासना तिकडेच राहिली. मधल्या पोकळीत हॉलमधल्या नव्या प्रार्थनासभा उभ्या राहिल्यात. तिथे हिंदी-इंग्रजी गाणी, गिटार, पडद्यावर शब्द. माझ्या मुलीला ती सगळी पाठ आहेत. पण आजीबरोबर मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणायला बसवलं की अर्ध्यावर अडखळते.

माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) सगळ्यांनी शरणपूरला जावं. बाकीच्या रविवारी संध्याकाळी इकडेच, कुणाच्या तरी घरी किंवा भाड्याच्या खोलीत, मराठी उपासना व्हावी. पाळकसाहेबांनी महिन्यातून दोनदा यावं. तुम्हाला काय वाटतं?

शरणपूरकर

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे.

आधी शरणपूर म्हणजे काय ते लक्षात घ्या. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी 1850 च्या दशकात ही वस्ती वसवली. ज्यांना घराने, जातीने बाहेर काढलं त्यांना शरण यायची जागा, म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. इथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. माझ्या आजोबांनी हे मला चर्चच्या आवारात उभं करून सांगितलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये मी नातवाला काय दाखवू?

दुसरी गोष्ट. एका मंडळीचे दोन तुकडे झाले की वर्गणीचे दोन, गायकवृंदाचे दोन, हंगामाच्या सणाचेही दोन. सणाला बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या येतात, लिलाव होतो, एका लिंबाला कुणीतरी पाचशे रुपये देतो. त्यासाठी माणसं एका जागी लागतात. आत्ताच मागचे बाक रिकामे दिसतात. इकडे सोय झाली की पहिल्या रविवारीही कुणी येणार नाही. सोयीची सवय लवकर लागते.

फाट्यावरची_मोहर

दादा, इतिहास तुम्ही काढलात तर तो पुरता काढू या. प्राइस जुन्या नाशकात, घाटावर का नाही राहिले? कारण माणसांची गरज होती तिथे त्यांनी नवी वस्ती केली, गावाबाहेर. शरणपूर हे तेव्हाचं उपनगरच होतं की! आणि ती आफ्रिकन मुलं इथेच थांबली का? 1874-75 च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं तेव्हा नाशकात वाढलेली कितीतरी माणसं तिकडे गेली, वसवणारे पुन्हा प्राइसच. शरणपूरने माणसं पाठवली म्हणून आज त्याचं नाव आहे.

सणाचं मात्र तुमचं बरोबर आहे. हंगामाचा सण, नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) शरणपूरलाच. तो मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता.

जेलरोडची_एलिझा

मी कॅथलिक, नाशिक रोडची. आमच्याकडे चर्च माणसांच्या मागे आलं असं मी मानते. रेल्वे होती, मग प्रेस आले, 1928 साली नोट प्रेस सुरू झाला. कामगार आले, त्यांच्यात आपलेही होते, शाळा झाल्या. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला. तेव्हा पुणं आपल्याला विसरलं असं कुणाला वाटलं नाही. त्यामुळे जागेच्या बाबतीत मी मोहरताईंच्या बाजूने आहे.

पण भाषेवर अडते. मराठी मिस्सा (आमची उपासना) एका वेळी, इंग्रजी दुसऱ्या वेळी, असं झालं की एकाच चर्चचे दोन समाज होतात. एक गट बाहेर पडतो तेव्हा दुसरा गाड्या लावत असतो. वर्षानुवर्षं समोरून जातो, नाव माहीत नसतं. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते तेव्हाच काय ते सगळे एकत्र. तेव्हा मुंबई-वसईहून माणसं येतात, शेजारच्या हिंदू बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात आणि कुणाला कुठली भाषा येते हे कुणी विचारत नाही. तुम्ही सुरुवातच 'मराठी उपासना' अशी केलीत तर सिडकोतल्या केरळच्या, तमिळ कुटुंबांना दार बंद केल्यासारखं होईल.

अंबडचा_सॅम

ज्या हॉलबद्दल ताईंनी लिहिलं तसल्याच एका हॉलमध्ये मी जातो. वय चोवीस. बाप्तिस्मा, दृढीकरण सगळं आपल्याच चर्चमध्ये झालं.

मी का गेलो ते सांगतो. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. तीन महिने घरी होतो. आपल्या चर्चमधून एकाचाही फोन आला नाही. हॉलमधली चार मुलं रोज संध्याकाळी घरी यायची. प्रार्थना पाच मिनिटं, मग नुसतं बसायची. एकाने बायोडेटा नीट करून दिला, दुसऱ्याने गाडीत पेट्रोल टाकून मुलाखतीला नेलं. ती हिंदीत प्रार्थना करतात म्हणून मी त्यांना परकं म्हणू? तुम्ही जागा, भाषा, वर्गणी यावर बोलताय. आजारी पडलं, नोकरी गेली, घरात भांडण झालं, तर कोण येणार यावर कुणीच लिहिलेलं नाही.

शरणपूरकर

सॅम, तुझ्या पोस्टनंतर बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आम्ही यायला हवं होतं. पाळकसाहेबांवर ढकलणार नाही, कारण तुझ्या वडिलांबरोबर मी तरुण संघात होतो. मला कळलं होतं आणि मी फोन केला नाही.

जलालपूरची_लेक

सॅमचं म्हणणं मनाला लागलं, पण मराठीचा मुद्दा मी सोडणार नाही. मुलांना मराठी उपासना परकी वाटते याला मराठी जबाबदार नाही, आपली म्हणण्याची पद्धत जबाबदार आहे. इंग्रजी चालीवर ओढून ताणून बसवलेले शब्द रडक्या सुरात म्हटले तर कोण रमेल? नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, ते अभंग आणि भजन बरोबर घेऊन. पेटी, तबला, टाळ. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आमच्याच जलालपूरच्या, गोदावरीकाठच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, लग्नानंतर अक्षरं शिकली आणि मराठीतल्या मोठ्या लेखिकांत जाऊन बसली. 1936 साली नाशकातच गेल्या. हा वारसा दाराशी असताना आपली मुलं फक्त पडद्यावरचे शब्द वाचणार?

एलिझाताई, केरळच्या कुटुंबांना मल्याळममध्ये एक गीत म्हणू द्यावं. आम्ही टाळ धरू. मात्र प्रार्थनेची भाषा मराठीच राहावी, कारण ती इथल्या मातीची आहे आणि आईंना तीच कळते.

चौथ्या_मजल्यावरून

मी हिंदू आहे, सिडकोत राहतो. शेजारधर्म म्हणून लिहितो. सोसायटीत अशी सभा सुरू करताना सेक्रेटरीला आणि दोन-चार शेजाऱ्यांना आधी सांगा, चहाला बोलवा. हल्ली बंद दाराआड पंधरा चपला दिसल्या की लोक भलतंसलतं बोलतात. एकदा कुणी तक्रार केली की पोलीस, जबाब, सगळा मनस्ताप.

अंबडचा_सॅम

काका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण सत्यनारायणाला कुणी सेक्रेटरीला विचारतं का? आमच्या घरात आम्ही प्रार्थना करायची आणि त्यासाठी आधी ओळखपत्र दाखवल्यासारखं दारोदार फिरायचं, हे मला मान्य नाही.

चौथ्या_मजल्यावरून

विचारू नका, बोलवा. आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला आम्ही सगळा जिना बोलावतो. पण तुझ्यावर हे ओझं यावं हे चुकीचंच आहे, ते मी नाकारत नाही.

फाट्यावरची_मोहर

सॅमने जे विचारलं त्यावरून मी माझा प्रस्ताव बदलते. आधी उपासना नको. आधी या पट्ट्यातल्या घरांची यादी करू, आणि दर शनिवारी दोघातिघांनी एका घरी जायचं. जिथे आजारी माणूस आहे, ते घर पहिलं. गाणं मराठीत, पेटीवर. रविवारच्या उपासनेचं पाळकसाहेबांशी नंतर बोलू. सॅम, तू आणि हॉलमधली ती चार मुलं याल का?

अंबडचा_सॅम

मी येतो. त्यांना विचारतो. पेटी कोणाला येते?

जलालपूरची_लेक

मला येते. पेटी माझ्याकडेच आहे, फक्त भाता दुरुस्त करावा लागेल.

शरणपूरकर

उपनगरात वेगळी उपासना नको, हे माझं मत अजून तेच आहे. शनिवारच्या भेटींना मात्र मी येईन.

आणि मोहरताई, मी नावाने शरणपूरकर असलो तरी वीस वर्षं इंदिरानगरला राहतो. दर रविवारी गाडी रिकामीच शरणपूरला जाते. हे आधी सुचायला हवं होतं. या रविवारी सात वाजता फाट्यावर येतो, आईंना तयार ठेवा. पहिल्या गीताच्या आधी पोहोचू.

फाट्यावरची_मोहर

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, पुढच्या सीटवर बसता येईल का? मागे तिचा गुडघा वाकत नाही.