मदत हवी आहे: वादविवादात शाहू महाराजांचा मुद्दा आला तर काय बोलायचं?

पुतणीची कॉलेजची वादविवाद स्पर्धा आहे, विषय राष्ट्रवाद आणि सत्ता, अन् तिची बाजू म्हणजे सत्ता माणसाला बिघडवतेच. मुसोलिनी घेतलाय, आधी समाजवादी पेपरचा संपादक, १९२२ ला पंतप्रधान अन् पुढं हुकूमशहा. शिवाय घानाचे एन्क्रुमा, १९५७ ला देश स्वतंत्र केला अन् १९६४ ला एकपक्षीय राजवट आणली. आत्ताच्या पक्षांची नावं नियमात बसत नाहीत, तो फाटा नको कृपया.

अडलंय इथं, की स्पर्धा कोल्हापुरात, समोरचा शाहू महाराज काढणारच, राजे असून १९०२ ला ५० टक्के जागा मागासांसाठी राखीव, ते कुठं बिघडले? अख्खा हॉल टाळ्या वाजवणार की! नुसतं अपवाद म्हणून सोडणं लंगडं वाटतंय. महाराजांचा मान राखून दोन मिनिटांत पटेल असं काय उत्तर देता येईल?