वस्तीवर चार दिवसांपासनं हेलिकॉप्टर लय खालून फिरतंय, तक्रार कुठं करायची?

रानातला_गडी:
नमस्कार मंडळी. मी मोहोळ तालुक्यातला, गावापासनं दोन किलोमीटर आत आमची वस्ती आहे. सोमवारपासनं रोज सकाळी नऊ-साडेनऊला एक हेलिकॉप्टर येतंय आणि नुसतं जात नाही, आमच्या ज्वारीच्या वर हळूहळू सरकतं, मधेच एका जागी थांबतं, परत मागं येतं. किती खालून म्हणाल तर आत बसलेल्या माणसाचा लाल टीशर्ट दिसतो. पहिल्या दिवशी पोरं पळत बाहेर आली, टाटा केला, मज्जा. दुसऱ्या दिवशी म्हशीनं दावं तोडलं आणि सरळ उसात. तेव्हापासनं पान्हाच सोडत नाही नीट, संध्याकाळी सहा लिटर देणारी म्हैस तीनवर आलीय. पण खरा त्रास कोंबड्यांच्या शेडला आहे. दोन हजार पक्षी आहेत, तीस दिवसांचा लॉट, आठवड्यात लिफ्टिंग (म्हणजे कंपनी पक्षी उचलून नेणार), आणि आवाज आला की सगळे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. काल एकाच वेळी ६४ मेले गुदमरून. कंपनीचा सुपरवायझर म्हणतो मरतूक तुमच्या नावावर लागणार, हेलिकॉप्टर-बिलिकॉप्टर कंपनीला सांगू नका.

गावात विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. कोण म्हणतंय सर्व्हे आहे, जमिनी जाणार, कोण म्हणतंय पुढारी हेलिपॅड बघत फिरतायत, आमचे चुलते तर म्हणतात ढग पळवायला आलेत. पोलिस पाटलाला विचारलं, त्याला पण काय माहिती नाही. कुणाला सांगायचं हे?

बे_एके_बे:
का बे, विमान पाहिजे विमान पाहिजे म्हणून किती वर्षं बोंबललो आपण, सोलापूरच्या विमानतळाला आडवी येते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये अख्खी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि आता फुकट हेलिकॉप्टर दारात आलंय तर तक्रार? 😄 तिकीट विचार की एकदा.

(मजाक केली, ६४ पक्षी म्हणजे वाईटच झालं.)

टॉवरखालचा:
दादा एक सांगा, तुमच्या रानातनं मोठ्या टॉवरची लाइन गेलीय का? गावातली डांबावरची नव्हे, ती उंच लोखंडी टॉवरवाली. असेल तर ९९ टक्के ते लाइन बघणारं हेलिकॉप्टर आहे. मी अशा लाइनवर ठेकेदाराकडं चार वर्षं काढलीत म्हणून सांगतो. पूर्वी आम्ही पायी टॉवर टू टॉवर फिरायचो दुर्बीण घेऊन, आता वरनं कॅमेऱ्यात बघतात कुठला जॉइंट तापलाय, कुठली चिनी मातीची चकती फुटलीय, खालची झाडं तारेच्या किती जवळ आलीत. त्यासाठी ताराच्या बाजूनं, टॉवरच्या उंचीच्या आसपासच आणि अगदी हळू जावं लागतं, संशय आला की थांबून परत मागं. तुम्ही सांगितलेली चाल तंतोतंत तीच आहे. पुढारी असला तर तो मागं-पुढं करत बसत नाही हो, त्याला पुढच्या सभेला उशीर झालेला असतो.

आपल्या जिल्ह्यात अशा लाइनी भरपूर. २०१३ च्या डिसेंबर अखेरीला सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड (विजेचं जाळं) बाकीच्या देशाला जोडली गेली, तेव्हापासनं सोलापूर म्हणजे लाइनींचं जंक्शनच झालंय. तुमच्या रानातली कुठली ते टॉवरवरच्या पाटीवर कळेल.

आणि चुलत्यांना सांगा, ढगांचा प्रयोग सोलापुरात झाला होता हे खरंय, २०१८ आणि २०१९ ला, पण तो पुण्याच्या हवामान संस्थेचा, विमानानं, आणि पाऊस वाढतो का ते बघायला. हाकलायला नाही.

रानातला_गडी:
हाय की लाइन! विहिरीपासनं पन्नास पावलांवर टॉवर आहे. डोक्यातच आलं नाही बघा. पण मग त्यांना इतकं खाली यायला परवानगी असती का?

टॉवरखालचा:
साधा नियम असा की दाट वस्तीवर सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर १००० फूट, आणि मोकळ्या रानात जमिनीपासनं निदान ५०० फूट. उतरताना-चढताना सोडून. पण अशा कामाला डीजीसीएकडनं (विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) वेगळी परवानगी काढून खाली उडतात, म्हणजे नियम मोडला म्हणून भांडायला गेलात तर ते कागद दाखवतील आणि तुम्ही गप्प. भांडायचं असेल तर न सांगता आले यावर भांडा.

आता काम करा. टॉवरवर नंबरची पाटी असते, धोक्याच्या बोर्डावर लाइनवाल्यांचं नाव पण असतं, दोन्हीचा फोटो काढा. हेलिकॉप्टरचा व्हिडिओ काढताना टॉवर फ्रेममध्ये येऊ द्या, म्हणजे उंचीचा अंदाज येतो, नुसत्या आभाळाचा व्हिडिओ कुणी मनावर घेत नाही. शेपटीवर व्हीटीनं सुरू होणारी अक्षरं दिसली तर लिहून ठेवा. मग जवळच्या सबस्टेशनला जा, टॉवर नंबर सांगा. "आमच्या शेतावर" म्हणालात तर कुणाला कळत नाही, टॉवर नंबर सांगितला की त्यांना लगेच कळतं तुम्ही कुठं उभे आहात.

गोठ्यातली_ताई:
भाऊ, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात कामाला आहे (गाव सांगत नाही). म्हशीचं आधी बोलते. जनावर भ्यालं की पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन दबतं, दूध असतं कासेत पण उतरत नाही. कुणी इंजेक्शन द्या म्हणेल, अजिबात देऊ नका, त्यावर बंदी आहे आणि सवय लागली तर म्हैस त्याशिवाय पान्हा सोडणारच नाही. रोजच्याच माणसानं, रोजच्याच जागी, पुढ्यात आंबोण ठेवून धार काढा, दोन-चार दिवसांत येईल. दूध कासेत राहू देऊ नका मात्र, दगडी (कासेची सूज) झाली तर वेगळंच निस्तरावं लागेल.

पक्ष्यांचं म्हणाल तर हेलिकॉप्टर यायच्या आधीच शेडचे पडदे सोडा, त्यांना आवाजाबरोबर वरनं सरकणारी सावली पण खटकते, घार आली असं वाटतं. कोपरे पत्र्यानं नाहीतर जाळीनं गोल करून घ्या आणि त्या वेळेला एक माणूस आत ठेवा, हळूहळू फिरत राहिला की ढीग होत नाही. आणि ते ६४ पुरून टाकलेत का? टाकले असतील तर भरपाईचं विसरा. पुढच्या वेळी आधी फोटो, पशुधन अधिकाऱ्यांकडनं तपासणी, तलाठ्याचा पंचनामा, मग खड्डा.

रानातला_गडी:
पुरले ताई, त्याच दिवशी. वास सुटला असता.

बे_एके_बे:
आमच्या पाव्हण्यांच्या लग्नात नवरी हेलिकॉप्टरनं आणली होती, त्या वाऱ्यानं शेजारच्याचा बेदाणा उडाला शेडमधनं. वरमाय नटून उभी होती, तोंडात सगळी माती. तो शेजारी अजून बोलत नाही.

रानातला_गडी:
अपडेट. काल सबस्टेशनला गेलो टॉवर नंबर घेऊन. साहेब चांगला बोलला खरं. म्हणाला आम्ही जिल्ह्याला पत्र दिलंय. तहसीलला विचारलं, म्हणाले पत्र आलं असेल, बघावं लागेल. तलाठ्यापर्यंत तर आलंच नाही. म्हणजे कागद सोलापुरात पोचला आणि हेलिकॉप्टर माझ्या म्हशीवर. एक दवंडी नाहीतर ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला असता तर मी नऊ वाजता पडदे सोडून बसलो असतो, एवढंच म्हणणं होतं माझं, तेच अर्जात लिहून पोच घेतलीय.

साहेबानं एक केलं, पायलटबरोबरच्या माणसाचा नंबर दिला. आज सकाळी त्यानंच फोन केला, "दादा वीस मिनिटांत तुमच्याकडं येतोय." पडदे सोडले, बायको आत फिरत राहिली, मी म्हशीपाशी. तीन पक्षी गेले, तीनच. म्हैस साडेचार लिटरवर आलीय.

गोठ्यातली_ताई:
तीनाचे फोटो काढलेत ना?

रानातला_गडी:
काढले काढले 🙏