रोस्टरला (संघातल्या खेळाडूंच्या यादीला) भगदाड पडलं, तर खेळाडूची पोझिशन बदलावी का?

चौथा_डाउन:
अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल विचारतोय. समजा स्प्रिंग सराव तोंडावर आलाय आणि ऑफेन्सिव्ह लाइनवर (चेंडू असलेल्या संघाची समोरच्यांना अडवणारी पाच जणांची फळी: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल) धडधाकट सातच जण उरलेत. टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) मात्र सहा आणि डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या फळीतला मधला धिप्पाड गडी) गरजेपेक्षा दोन जास्त. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) आता जानेवारीतच उघडतं, म्हणजे एप्रिलमध्ये बाहेरून कोणी मिळणार नाही. मग लाइनवर कोणाला हलवायचं? २४५ पौंडांच्या टाइट एंडला की ३०० पौंडांच्या डिफेन्सिव्ह टॅकलला? की आहेत त्यांच्यावरच भागवायचं?

आंधळी_बाजू:
सातांवर भागवू नका. दोघं जायबंदी झाले की धड सरावसुद्धा होत नाही, कारण दुसरी फळीच उभी राहत नाही.

याच सीझनला माणूस हवा असेल तर डिफेन्सिव्ह टॅकल, आणि तोही गार्डवर. वजन तयार आहे, हात जमिनीला टेकवून सुटण्याची सवय आहे. रन ब्लॉकिंग (चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट काढून देणं) त्याला लवकर जमतं. गाडी अडते पास प्रोटेक्शनमध्ये (डाव चालवणारा क्वार्टरबॅक पास फेकेपर्यंत त्याला वाचवणं). इतकी वर्षं पुढे घुसायला शिकलेल्या माणसाला इथे मागे सरकत समोरच्याला थोपवायचं असतं. गडबडला की तो कंबरेत वाकतो, डोकं पुढे जातं, तोल सुटतो आणि हात समोरच्याच्या खांद्याबाहेर जाऊन जर्सी धरतात. मग होल्डिंगचा (नियमबाह्य धरण्याचा) दंड, १० यार्ड मागे. म्हणून सुरुवातीला हात पाठीमागे बांधून नुसते पाय घटवून घ्यायचे, मग हात, आणि त्यानंतरच एकास एक.

दुसरा घोळ स्टंटचा. समोरचे दोन डिफेंडर एकमेकांना छेद देत जागा बदलतात, तेव्हा गार्डने आपला माणूस शेजारच्या ऑफेन्सिव्ह टॅकलकडे सोपवून आत येणारा नवा उचलायचा असतो. नवा गार्ड हमखास आपल्याच माणसामागे धावतो आणि क्वार्टरबॅकसमोर दरवाजा सताड उघडा पडतो. हे ताकदीने सुटत नाही. शेजारी अनुभवी टॅकल हवा आणि दोघांचे सराव एकत्रच हवेत.

टाइट एंडला ऑफेन्सिव्ह टॅकल बनवणं हे पुढच्या वर्षाचं काम. २४५ वरून २९० म्हणजे ४५ पौंड. आठवड्याला एक पौंड धरलं तरी जवळजवळ वर्ष गेलं. घाई केली तर नुसती चरबी चढते आणि ज्या पायांसाठी त्याला निवडला तेच मंदावतात. पण हात लांब असतील तर माल अस्सल निघू शकतो. जो स्टेली सेंट्रल मिशिगनला टाइट एंड म्हणून आला होता, टॅकल होऊन २००७ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांची कॉलेज खेळाडूंची निवड) पहिल्या फेरीत गेला. लेन जॉन्सन तर क्वार्टरबॅक, टाइट एंड, डिफेन्सिव्ह एंड असं करत ओक्लाहोमात टॅकल झाला आणि २०१३ ला चौथ्या क्रमांकावर उचलला गेला. अशाला रेडशर्ट करा (खेळण्याच्या पात्रतेचं वर्ष न खर्चता बाजूला ठेवून तयार करा). चार सामन्यांपर्यंत खेळवलात तरी वर्ष वाया जात नाही.

पट्टेवाला_शर्ट:
जर्सीचा नंबर विसरू नका. कॉलेजच्या नियमाप्रमाणे साध्या डावात लाइनवर ५० ते ७९ नंबरचे किमान पाच जण लागतात. ९४ नंबरचा गडी गार्डवर नेलात तर नंबर बदलणं आलंच. डिफेन्सवर असं बंधन नाही, त्यामुळे दोन्हीकडे लागू शकेल अशाला आधीच ६० किंवा ७० च्या घरातला नंबर देऊन ठेवा.

आणि सेंटरवर नवशिक्या नको. शॉटगनचा (क्वार्टरबॅक मागे उभा असतानाचा) स्नॅप, म्हणजे डाव सुरू करणारा चेंडू, साधारण पाच यार्ड मागे अचूक द्यायचा आणि त्याच क्षणी डोक्यावर बसलेल्या नोज टॅकलला (सेंटरसमोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला) अडवायचं. एक स्नॅप उंच गेला की अख्खा डाव मातीत.

निकल_पॅकेज:
डिफेन्सिव्ह टॅकल दोन जास्त आहेत हे कागदावर. आतली डिफेन्सिव्ह लाइन सतत आलटूनपालटून खेळवावी लागते. दोघेही हलवले आणि चारच उरले तर चौथ्या क्वार्टरमध्ये सगळे ढेपाळतील. एकालाच हलवा.

हलवायचं ते स्प्रिंगच्या पहिल्या दिवशी. सराव एकूण १५ मिळतात. निम्मे झाल्यावर हलवलेला गडी धड इकडचा नाही, तिकडचा नाही. शिवाय त्याच्याशी आधी मोकळेपणी बोला: किती स्नॅप (डाव) मिळतील, जुनी जागा परत मिळेल का. नुसता हुकूम सोडलात तर जानेवारीत तो पोर्टलमध्ये दिसेल.

भोक बुजवण्यापुरता बदल आणि खेळाडूला साजेसा बदल यांत माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) झाला, कारण लांब हात आणि चेंडू झेलण्याची नजर दोन्हीकडे कामाची. तुमच्या डिफेन्सिव्ह टॅकलमध्ये तसं काही आहे का, ते आधी बघा.

चौथा_डाउन:
म्हणजे एक डिफेन्सिव्ह टॅकल गार्डवर आणि सर्वांत लांब हातांचा टाइट एंड रेडशर्ट. गार्ड डावा की उजवा?

आंधळी_बाजू:
डिफेन्समध्ये तो कोणता हात जमिनीला टेकवायचा ते बघा. उजवा असेल तर उजवा गार्ड. आणि निदान पहिल्या सीझनला बाजू बदलू नका. डावीकडे गेला की मागचा पाय, टेकवायचा हात, पहिलं पाऊल सगळंच उलटं होतं.