'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज': काय भावलं, काय खुपलं? (अनुभव धागा)

खान्देशातल्या वाचकांसाठी हा धागा. टोल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. गोष्ट थोडक्यात: बोटात घालणाऱ्याला अदृश्य करणारी, दुष्ट सौरॉनची मुद्रिका नष्ट करायला फ्रोडो, त्याचा माळी सॅम आणि सोबती आपला शायर मुलूख सोडून सौरॉनच्या मॉर्डरकडे निघतात. मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादामुळे ती मराठीतही वाचता येते. सिनेमे बाजूला ठेवा, पुस्तकावर बोला. 'छान आहे' एवढ्यावर भागवू नका. पुस्तक कुठे मिटावंसं वाटलं, तेही लिहा.

रावेर, केळीची शेती

माझा जीव सॅममध्ये अडकला. एवढ्या मोठ्या युद्धाच्या गोष्टीत शेवटी उरतो तो माळी. गॅलाड्रिएल राणी बाकीच्यांना पट्टा, धनुष्य, तलवारीची म्यान असं काय काय देते आणि याला देते आपल्या बागेतल्या मातीची डबी. घरी येऊन बघतो तर शायरमधली झाडं तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी नवी धुराची गिरणी, ओढ्याचं पाणी घाण. मग हा गडी जिथे जिथे झाड तुटलं तिथे नवं रोप लावतो आणि मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो. हे मी वाचलं त्या उन्हाळ्यात वादळाने आमची निसवणीला आलेली बाग आडवी झाली होती. पंचनामा झाला, भरपाईचे कागद फिरत राहिले. रात्री ही पानं वाचताना डोळे भरून आले. शत्रू मेला म्हणजे काम संपलं, असं हा लेखक म्हणत नाही. सिनेमावाल्यांनी नेमका हाच भाग वगळला, त्याचा मला अजून राग आहे.

खुपलं ते सुरुवातीचं. शायर सोडायलाच फार पानं जातात.

भुसावळ, रेल्वेत कंट्रोलर

रावेरच्या भाऊंशी सहमत, सुरुवात जड आहे. त्यात टॉम बॉम्बडिल हा रानात राहणारा गूढ माणूस येतो, गातो, मुद्रिका बोटात घालतो तरी अदृश्य होत नाही आणि पुढे कथेला त्याचा काही उपयोग होत नाही. तीन वेळा वाचूनही मला ती प्रकरणं पटली नाहीत.

पण वेळापत्रक! तिसऱ्या खंडाच्या शेवटी तारीखवार नोंदी आहेत, त्या जरूर बघा. मंडळी २५ डिसेंबरला रिव्हेन्डेलहून निघतात आणि २५ मार्चला मुद्रिका नष्ट होते. मधे टोळी फुटते आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या चालतात, पण एकाही दिवसाचा हिशेब चुकत नाही. मॉर्डरमधून काळोख पसरतो ती सकाळ पिपिन या सोबत्याला मिनास टिरिथ शहरात दिसते आणि तीच सकाळ फ्रोडो-सॅमला इथिलिएनच्या रानात. आमच्या कंट्रोल चार्टवर दोन गाड्यांच्या रेघा जशा एकमेकींना छेदतात, तसं आहे हे. असं काम करायला माणूस मुळात शिस्तीचा लागतो.

याच मांडणीचा तोटाही आहे. दुसऱ्या खंडाचा पहिला अर्धा भाग सगळा राजपदाचा वारस अॅरागॉर्न आणि घोडेस्वारांचं राज्य रोहन यांचा, दुसरा अर्धा सगळा फ्रोडो-सॅमचा. एकाच्या काळजीत आपण असतो आणि लेखक दोनशे पानं तिकडे फिरकत नाही. त्या दुसऱ्या अर्ध्या भागात दलदल, खडक, उपासमार एवढंच चालू राहतं. मी थकलो.

तळोदा, आश्रमशाळेत शिक्षक

सर, तो थकवाच मला खरा वाटला. आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. त्या डोंगरावर अश्वत्थामा राहतो, जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं सातपुड्यात लहानथोर सगळेच सांगतात. कपाळीचा मणी गेला आणि मरणही मिळालं नाही. गॉलम, म्हणजे मुद्रिका हातची गेल्यावर तिच्यापायी झुरणारा फ्रोडो-सॅमचा वाटाड्या, वाचताना मला सारखा तोच दिसत होता. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी गॉलमला एकदाही राक्षस म्हटलं नाही.

सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवरचा प्रसंग बघा. फ्रोडो आणि सॅम झोपलेत. गॉलम येतो, बघतो आणि हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. त्या क्षणी तो नुसता एक थकलेला म्हातारा असतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो आणि सगळं हातचं जातं. भाऊ, तुमच्या लाडक्या सॅमच्या हातून हे होतं! दुष्टाला सुधारायची वेळ आली होती आणि ती एका चांगल्या माणसाने घालवली. हे लिहायला मोठं मन लागतं.

सारंगखेडा

आम्ही घोड्यांच्या बाजाराच्या गावचे. मोरियाच्या भुयारांच्या दारात त्या ओझ्याच्या बिल तट्टूला सोडून देतात तिथे मी रडलो. ब्री गावात तो बारा चांदीच्या नाण्यांना घेतलेला, लायकीच्या तिप्पट भावाने. उपाशी, मारलेलं जनावर, आणि चांगल्या हाताखाली कसं भरतं, ते बरोबर लिहिलंय. शेवटी ते परत भेटतं. भारी शे!

अमळनेर

सगळे ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतले राक्षसी जीव, जन्मजात वाईट, आणि सौरॉनच्या बाजूची माणसं दक्षिणेची नि पूर्वेची, काळी-सावळी. हे मला सलतं. मेलेला एक दक्षिणी सैनिक बघून सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा खरंच वाईट होता की याला घरून फसवून आणलं असेल? एवढा एक परिच्छेद. त्या माणसांच्या बाजूने आणखी लिहायला हवं होतं.

धुळे, कॉलेजात शिकवते

मी एओविनवर, रोहनच्या राजाच्या भाचीवर, बोलणार. सगळे पुरुष लढाईला जातात आणि तिला म्हणतात, तू मागे राहून लोकांना सांभाळ. ती म्हणते, मला भीती पिंजऱ्याची वाटते. सून असो वा लेक, आपल्याकडे कितीजणींना हे वाक्य कळेल! मग ती पुरुषाच्या वेशात रणात उतरते आणि ज्याला कोणी पुरुष मारू शकणार नाही असं भाकीत आहे, त्या सौरॉनच्या सेनापतीला मारते. मी ते पान वर्गात मोठ्याने वाचते.

पण त्यानंतर? फॅरामिर हा जखमी सेनानी भेटतो, आणि ती म्हणते, आता मी तलवार सोडते, जखमा बऱ्या करीन, उगवणाऱ्या गोष्टींवर प्रेम करीन. काही पानांत सगळं मिटलं. एवढ्या प्रचंड कादंबरीत मोजक्याच बायका, त्यातली सर्वांत जिवंत बाई अशी घाईने निपटवली.

रावेर (पुन्हा)

ताई, सॅमबद्दल तळोद्याच्या सरांचं म्हणणं मान्य. पण एओविनचं तसं नाही वाटत. युद्ध बघितलेला माणूस बागेकडेच वळणार. सॅमही तेच करतो.

धुळे

दादा, सॅम आधीपासून माळी होता, तो आपल्या कामावर परत गेला. अॅरागॉर्न राजा झाला आणि तलवार त्याच्या कमरेलाच राहिली. फॅरामिरला राजाच्या हाताखाली इथिलिएनची सरदारी मिळाली. हातातलं टाकून दुसरं धरायला फक्त तिलाच लावलं, आणि ते तिने का स्वीकारलं हे सांगायला लेखकाने तिला एक प्रकरणसुद्धा पूर्ण दिलं नाही.