मार्व्हिन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’: निषेधाचा सूर इतका मृदू का?

प्रश्न (मंगळवार पेठ):
आमच्या घरात शाहिरी आहे. अन्यायाविरुद्ध गायचे तर डफावर थाप आणि चढा आवाज हवाच, अशा समजुतीत वाढल्यामुळे अमेरिकन गायक मार्व्हिन गे यांचा १९७१चा हा अल्बम ऐकताना गोंधळलो. व्हिएतनामचे युद्ध, पोलिसांचा मार, शहरातली गरिबी असे विषय असूनही गायक बहुतेक वेळ हळुवारच गातो. मग याला एवढे का मानतात?

उत्तर (राजारामपुरी):
अल्बमच्या शीर्षकगीताचे बीज ‘फोर टॉप्स’ या गायकगटातील रेनाल्डो बेन्सन यांना १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीत पोलिसांनी तरुणांना झोडपताना पाहून सुचले. गे यांचा धाकटा भाऊ व्हिएतनामहून परतला होता, आणि दुसरे गाणे तर अशा परतलेल्या सैनिकाच्याच तोंडी आहे. शीर्षकगीतात हाक आहे ती आईला, भावाला, वडिलांना. घरच्यांशी बोलताना कोण ओरडतो? ‘मोटाउन’ या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी हे गाणे काढायलाच तयार नव्हते. जानेवारी १९७१मध्ये ते निघाले, तडाखेबंद खपले आणि मगच पूर्ण अल्बमची घाई झाली.

हेडफोन लावून गे यांचे दोन आवाज वेगळे काढून पाहा. ध्वनिमुद्रकाकडून त्यांच्या गायनाचे दोन टेक (वेगवेगळी मुद्रणे) चुकून एकत्र वाजले आणि ते गे यांना इतके भावले की पुढे ती त्यांची शैलीच झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर शाहीरही तेच आणि झीलकरीही तेच! त्याखाली जेम्स जेमर्सन यांचा बास गिटार ठेका धरून न बसता जॅझच्या अंगाने फिरत राहतो.

उत्तर (रंकाळा परिसर):
प्रभावाचे म्हणाल, तर गायक डॉनी हॅथवे यांनी १९७२च्या लाइव्ह अल्बमची सुरुवातच या शीर्षकगीताने केली; २०२०मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत या अल्बमला पहिले स्थान दिले. मला मात्र यातले ‘मर्सी मर्सी मी’ हे गाणे अधिक जवळचे वाटते. त्यातला पारा भिनलेल्या माशांचा उल्लेख पंचगंगेत तरंगणारे मेलेले मासे पाहिलेल्या माणसाला परका वाटत नाही. एक सूचना: पहिल्या बाजूची सहा गाणी एकमेकांत मिसळत जातात, म्हणून ॲपवर क्रम बदलून ऐकू नका.

प्रश्नकर्ता:
क्रमाने ऐकले. झीलकऱ्याची उपमा पटली, वडिलांनाही ऐकवली. सात मिनिटांचे ‘राइट ऑन’ मात्र अजूनही लांबलेलेच वाटते.